सहलीचे फोटो : कसे काढावेत आणि कुणाचे काढावेत

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील तिसऱ्या भाषणाचे शब्दांकन. वेरूळ-अजिंठा सहलीच्या आदल्या रविवारी हे भाषण झाले. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मा. अध्यक्ष, सचिव, सहल समितीतली उत्साही मंडळी आणि रविवारची दुपारची झोप सोडून इथे आलेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो,

या मालेतल्या पहिल्या भाषणात तुम्हाला गुडघे कसे सांभाळायचे ते कळलं, दुसऱ्यात मृत्युपत्र कसं करायचं ते. दोन्ही विषय वजनदार. त्यामानाने माझा हलकाफुलका, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा, असं समितीला वाटलं असावं. तो किती हलका आहे ते पुढे बघू.

मी बी विंगमधला. बहुतेक जण ओळखताच, कारण तुमच्यापैकी निम्म्यांचे पासपोर्ट साइज फोटो मीच काढलेत. इथे स्टेशनजवळ तीस वर्षं माझा स्टुडिओ आणि पुढे कलर लॅब होती. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, हे रोजचं काम. शिवाय मे महिना संपला, दिवाळी संपली, की लोकांच्या सहलींचे रोल धुवायला यायचे. त्यामुळे मी स्वतः फार फिरलो नाही, पण हजारो कुटुंबांच्या सहली मी अंधाऱ्या खोलीत उभा राहून बघितल्या आहेत. माथेरान, महाबळेश्वर, गणपतीपुळे, काश्मीर, अष्टविनायक. त्यातून जे शिकलो तेवढंच आज सांगतो. पुढच्या शनिवारी आपली बस सुटणार आहे, तर तीच सहल डोळ्यांसमोर ठेवू.

फोटो कुणाचा?

तरुण मंडळींसाठी सांगतो. रोलच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे. कॅमेऱ्यात रोल भरणाऱ्याचा हात साफ असेल तर सदतिसावा निघायचा, आणि त्याचा आनंद लॉटरी लागल्यासारखा. चार दिवसांच्या सहलीला एक रोल, फार तर दोन. त्यामुळे लोक विचार करून बटण दाबायचे. तरीसुद्धा ३६ पैकी वीस फोटो देखाव्यांचे असत. दरी, धबधबा, सूर्यास्त, परत सूर्यास्त. उरलेल्यांत सगळं कुटुंब एका ओळीत, हात सरळ खाली, राष्ट्रगीत चालू असल्यासारखं.

प्रिंट घ्यायला आले की सगळे खुशीत असायचे. पण दहा-पंधरा वर्षांनी तीच मंडळी निगेटिव्ह घेऊन पुन्हा दुकानात यायची. त्या वेळी सूर्यास्त मोठा करून द्या असं मला एकानेही कधी म्हटलं नाही. ते म्हणायचे, "यात मागे बाबा आहेत बघा, तेवढे मोठे करून मिळतील का?"

एक गृहस्थ आठवतात. पत्नी जाऊन आठ दिवस झाले होते. तेराव्याला लावायला फोटो हवा होता. घरात अकरा अल्बम. कॅमेरा नेहमी त्यांच्या हातात, समोर मुलं, मुलांच्या मागे डोंगर. आणि त्या? त्या डबा उघडत होत्या, पाण्याच्या बाटल्या भरत होत्या, सगळ्यांच्या चपला सांभाळत मंदिराबाहेर बसल्या होत्या. अकरा अल्बमांत मिळून एकच फोटो सापडला, बसच्या खिडकीतला. हातात चिवड्याची पिशवी, चेहरा अर्धा, तोही हललेला. निगेटिव्हवर तो चेहरा तिळाएवढा होता. मी जमेल तेवढं करून दिलं. ते बराच वेळ फोटो बघत काउंटरशी उभे राहिले आणि म्हणाले, "ही अशी दिसत नव्हती हो."

त्या तीस वर्षांत असे कितीतरी जण आले. म्हणून माझी पहिली आणि खरं तर एकच मागणी आहे. परतीच्या बसमध्ये चढायच्या आधी मनाशी यादी करा. आपल्या घरातून जितके जण आलेत, त्या प्रत्येकाचा एकट्याचा, चेहरा मोठा आणि स्पष्ट असलेला एक तरी फोटो आपल्याकडे आहे का? "माझा कशाला, मुलांचा काढ," म्हणणाऱ्या आजीचा आहे का? बॅगा सांभाळणाऱ्या बाबांचा आहे का? आणि जो फोटो काढतोय त्याचा? सहलीत सगळ्यात जास्त फोटो काढणारा माणूस सगळ्यात कमी फोटोंत असतो. दिवसातून एकदा फोन दुसऱ्याच्या हातात द्या.

आता हा एक फोटो चांगला कसा यायचा, ते बघू.

चेहरा नीट येण्यासाठी

पहिली गोष्ट फुकटची आहे. फोनची काच पुसा. दिवसभर फोन खिशात, पर्समध्ये, भजी खाल्लेल्या हातात. त्या काचेवर तेलाचा पातळ थर बसतो आणि मग सगळा फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो. लोक म्हणतात कॅमेरा जुना झाला. कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं. मऊ सुती कापड, जुन्या धोतराचा तुकडासुद्धा चालेल.

दुसरी गोष्ट ऊन. बाराच्या उन्हात माणसाला उघड्यावर उभं केलंत तर कपाळ पांढरं, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाची सावली ओठांवर. शिवाय डोळे बारीक. कितीही देखणा माणूस असा चांगला दिसत नाही. त्याला चार पावलं सावलीत घ्या. झाडाखाली, ओसरीत, दाराच्या चौकटीत. मात्र तोंड उजेडाकडे करा आणि तुम्ही उजेडाकडे पाठ करून उभे राहा. आमच्या स्टुडिओत छत्र्या आणि दिवे लावून जो मऊ प्रकाश आणायचो, तो कुठल्याही ओसरीत फुकट मिळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण प्रवासातले दहातले आठ फोटो इथेच बिघडतात. आपण काय करतो? आईला सांगतो, "तू तिकडे मंदिरापाशी जाऊन उभी राहा." आई शंभर पावलं चालत जाते. आपण इथून फोटो काढतो. मंदिर छान येतं, आई मुंगीएवढी. उलटं करा. आईला स्वतःजवळ बोलवा, पाच-सहा फुटांवर उभं करा, आणि मंदिर मागे लांब असू द्या. चेहरा मोठा येतो आणि मंदिरही अख्खं येतं. देऊळ कुठे पळून जात नाही, त्याला मागेच राहू द्या.

चौथी गोष्ट, दोन बोटांनी ओढून मोठं करायची सवय सोडा. साध्या फोनमध्ये तसं केलं की कॅमेरा जवळ जात नाही, तो फक्त फोटोचा मधला तुकडा कापून ताणतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे चाला. आणि सगळे मावावेत म्हणून ती ०.५ ची रुंद लेन्स लावता तेव्हा लक्षात ठेवा, कडेला उभा असलेला माणूस ताणला जातो. गेल्या गणेशोत्सवातल्या ग्रुप फोटोवरून इथे दोन घरांत थोडी नाराजी झाली होती. त्या वहिनी जाड झालेल्या नाहीत, त्या कडेला उभ्या होत्या!

पाचवी गोष्ट, पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. फोनला कळतं की मला हा माणूस हवा आहे. बऱ्याच फोनमध्ये तिथे छोटं सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवलं की उजेड कमी-जास्त होतो. मागे आकाश पांढरंफेक असेल तेव्हा याचा फार उपयोग होतो. बटण दाबण्याआधी डोक्याच्या मागे एकदा बघा. खांब, विजेची तार, कचऱ्याचा डबा दिसतोय का? माणसाला हात धरून दोन फूट बाजूला सरकवलं की झालं.

आणि शेवटचं. "हसा बघू" म्हणू नका. हसा म्हटलं की माणूस हसायचा थांबतो. आजोबांना विचारा, पूर्वी तुम्ही इथे कधी आला होतात, तेव्हा एस.टी.चं तिकीट किती होतं? ते बोलायला लागतील, हात हलवतील. त्या वेळी तीन-चार फोटो पटापट काढा. चहा फुंकून पिणारे बाबा, केसांत गजरा माळणारी ताई, नकाशा उलटा धरून वाद घालणारे दोन काका, हेच फोटो पुढे घरात पुन्हा पुन्हा बघितले जातात.

वेरूळला

आता आपल्या सहलीकडे येऊ. सहल समितीला एक विनंती. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. आपण शनिवार-रविवार जातोय, म्हणजे तो प्रश्न नाही. पण वेरूळ सकाळी ठेवू नका, दुपारी ठेवा. तिथली लेणी डोंगराच्या पश्चिमेच्या बाजूला कोरलेली आहेत, त्यांची तोंडं मावळतीकडे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. दुपारी तीननंतर ऊन थेट लेण्यांवर येतं, दगड सोनेरी होतो आणि तिरप्या उन्हामुळे कोरीवकाम उठून दिसतं. मूर्तीवर समोरून सपाट उजेड पडला की ती चपटी दिसते. उजेड बाजूने आला की नाक, हात, दागिने सगळं सुटं होतं. सकाळी दौलताबादचा किल्ला करा, चढण उन्हाआधी होईल आणि गुडघ्यांच्या भाषणाचाही मान राहील.

वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. कैलास म्हणजे सोळावं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम, डोंगर वरून खाली कोरत आणलेला. त्याचा फोटो काढताना सगळ्यांची एकच तक्रार असते, प्रत्यक्षात केवढं प्रचंड वाटतं आणि फोटोत खेळण्यातलं दिसतं. याचं कारण फोटोत मोजायला काही नसतं. अंगणात दगडी हत्ती आहे, उंच ध्वजस्तंभ आहे. त्याच्या पायाशी एखादा माणूस येऊ द्या, म्हणजे उंची आपोआप कळते. मघाशी मी म्हणालो माणसाला लांब पाठवू नका, ते चेहऱ्याच्या फोटोसाठी. इथे फोटो कैलासाचा आहे आणि माणूस फूटपट्टी आहे. दोन वेगळे फोटो, दोन्ही काढा. कुठला काढतोय ते आधी ठरवा एवढंच. दोन्ही एकातच आणायला गेलं की दोन्ही हातचे जातात.

लेण्यांच्या ओसऱ्या म्हणजे मी सांगितलेला तो फुकटचा स्टुडिओ. आजीला ओसरीतल्या पायरीवर, खांबाला टेकून बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. मागे आत काळोख असतो, त्यामुळे चेहरा छान उठून येतो. तिचे पायही थोडे विसावतील.

एक कडक सूचना, विशेषतः कॉलेजच्या मुलांना. कड्याच्या टोकावर, कठड्यावर चढून, पाठ दरीकडे करून सेल्फी नको. फोनच्या पडद्यात बघत मागे सरकणाऱ्या माणसाला पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. मूर्तींवर चढणं, मांडीवर बसणं हेही नको. आणि तिपाई म्हणजे ट्रायपॉड न्यायचा असेल तर या स्मारकांत त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तो घरी ठेवा, गेटवर वाद नको.

अजिंठ्याला

अजिंठ्याचं तंत्र वेगळं. तिथे आत अंधार असतो आणि फ्लॅशला मनाई आहे. पहारेकरी सारखे "फ्लॅश बंद, फ्लॅश बंद" म्हणत असतात, लोकांना ती कटकट वाटते. पण तीव्र उजेडाने रंग विटतात, हे मी लॅबवाला म्हणून शपथेवर सांगतो. दुकानाच्या काचेत लावलेला नमुन्याचा फोटो आम्हाला दर काही महिन्यांनी बदलावा लागायचा. अजिंठ्याची चित्रं तर दीड हजार वर्षांच्या आसपासची, काही त्याहून जुनी. ती बदलून नवी लावता येणार नाहीत. म्हणून बसमध्येच फोनचा फ्लॅश बंद करून टाका. "ऑटो" वर ठेवलात तर अंधार दिसताच तो आपणहून उडतो. तसाही फोनचा फ्लॅश आठ-दहा फुटांपलीकडे काही कामाचा नाही.

मग फोटो काढायचा कसा? फोन दोन्ही हातांनी धरा, कोपरं पोटाला टेकवा, श्वास सोडून थांबा आणि मग हळूच बटण दाबा. अंधारात कॅमेरा जास्त वेळ उजेड गोळा करतो, तेवढ्यात हात हलला की फोटो हलला. फोनमध्ये नाइट मोड असेल तर तो दोन-तीन सेकंद घेतो, तेवढं दगड होऊन उभं राहायचं. खांबाला किंवा चित्र असलेल्या भिंतीला टेकू मात्र नका. नाही जमला फोटो तर नाही जमला. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांनी आयुष्यात एकदा डोळ्यांनी बघावा. डोळे अंधाराला सरावायला दोन-चार मिनिटं लागतात, आणि फोनच्या झगमगत्या पडद्यात बघत राहिलात तर ते सरावतच नाहीत. आधी चित्र बघा, मग फोन काढा.

बाहेर आलात की वाघूर नदीचं ते घोड्याच्या नालेसारखं वळण आहे. सगळी लेणी त्या वळणावर ओळीने कोरलेली. अख्ख्या कुटुंबाचा फोटो तिथे घ्या, माणसं जवळ आणि लेण्यांची ओळ मागे.

रॉबर्ट गिल यांची गोष्ट

अजिंठ्याला जाताय तर एक खरी गोष्ट ऐकून जा. फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. रॉबर्ट गिल नावाचे मद्रासच्या फौजेतले एक इंग्रज अधिकारी होते. चित्रकलेची जाण होती. १८४४ साली त्यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. आज आपण ए.सी. बसने जाऊन तीन तासांत परत येतो, तिथे तेव्हा जंगल होतं. या माणसाने तिथे वर्षानुवर्षं राहून भिंतीवरची चित्रं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवली. ती लंडनला पाठवली. तिथे क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रदर्शनाच्या इमारतीत ती लावली होती, आणि १८६६ मध्ये तिथे आग लागून बहुतेक सगळी जळून गेली. आयुष्याची कितीतरी वर्षं एका आगीत गेली.

पण मधल्या काळात गिल यांनी कॅमेरा हातात घेतला होता. अजिंठ्याचे, वेरूळचे, आसपासच्या देवळांचे त्यांनी फोटो काढले. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो काढून लगेच धुवावा लागायचा. त्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली लंडनमध्ये निघालं. तैलचित्राची प्रत एकच होती, ती जळाली. फोटोच्या प्रती अनेक निघाल्या, अनेक ठिकाणी गेल्या, आणि म्हणून आजही बघायला मिळतात. गिल १८७९ मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळला आहे.

एकच प्रत असेल तर ती कधीतरी जाते. हे मी फोनमधल्या फोटोंबद्दलही म्हणतोय. त्याकडे पुढे येतोच.

अनोळखी माणसांचे फोटो

त्याआधी एक शिष्टाचार. प्रवासात आपल्याला शेतात काम करणाऱ्या बायका, पेरू विकणारी मुलगी, बीबी का मकबऱ्याच्या पायरीवर बसलेले म्हातारे बाबा दिसतात. फोटो काढावासा वाटतो. विचारून काढा. "काढू का?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. नाही म्हणाले तर हसून पुढे चला. आपल्या गॅलरीसमोर कुणी बस थांबवून, आपण कपडे वाळत घालताना न विचारता फोटो काढले तर आपण सेक्रेटरींकडे तक्रार नेऊ की नाही? काढलात तर त्यांनाही दाखवा. आणि "पाठवतो" म्हणालात तर आठवणीने पाठवा. दुकानात मी पाहिलंय, आठवणीने गावाकडच्या माणसासाठी जादा प्रिंट काढून नेणारे लोक थोडे होते, पण होते.

घरी आल्यावर

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. सहलीहून आपण चारशे फोटो घेऊन येतो, ग्रुपवर टाकतो, अंगठे येतात, संपलं. वर्षभराने फोन बदलतो, नाहीतर तो नळाखालच्या बादलीत पडतो.

या स्मरणिकेसाठी समितीने तुमच्याकडे जुने फोटो मागितले होते. मीही त्या कामात होतो. गंमत ऐका. पंचवीस वर्षांपूर्वीच्या भूमिपूजनाचे फोटो मिळाले, पहिल्या गणपतीचे मिळाले, कारण ते कपाटातल्या अल्बममध्ये होते. पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमांचे, जेव्हा घराघरांत फोन आले होते आणि प्रत्येक जण फोटो काढत होता, ते फार थोडे मिळाले. कुणाचा फोन बिघडला, कुणाची हार्डडिस्क चालेना, कुणाला पासवर्ड आठवेना.

दुसरी गोष्ट त्याहून लागणारी. पहिल्या गणपतीच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात आपले तेव्हाचे वॉचमन उभे आहेत, हातात आरतीचं ताट. फोटो स्वच्छ आहे. बारा वर्षं या माणसाने आपल्या टाक्या भरल्या, रात्री उशिरा आलेल्या प्रत्येकासाठी गेट उघडलं. फोटोखाली नावं द्यायची म्हणून सतरा जणांना विचारलं. मामा म्हणायचो हे सगळ्यांना आठवतं. नाव एकालाही आठवलं नाही. फोनमधल्या फोटोला तारीख आपोआप लागते, जागाही लागते, पण त्यातला माणूस कोण होता हे तुम्ही लिहिल्याशिवाय कुणाला कळत नाही.

म्हणून घरी आल्यावर चार कामं करा.

एक, आठ दिवसांच्या आत निवड. चारशेतले हललेले, डोळे मिटलेले, दोनदा आलेले काढून टाका. पन्नास उरू द्या. हे काम एकट्याने करू नका, रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून करा. तीसुद्धा दुसरी सहलच होते.

दोन, प्रती. ते पन्नास फोटो किमान दोन ठिकाणी हवेत, आणि फोन धरून तीन. एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर. ती दर वर्षी एकदा लावून, चालते ना ते बघा. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटोचा आकार कमी होतो, त्याची मोठी प्रिंट चांगली येत नाही. मूळ फोटो हवा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

तीन, प्रिंट. पन्नासातल्या वीसची पोस्टकार्ड साइज प्रिंट काढा. माझं दुकान बंद झालं, तेव्हा यात माझा धंदा नाही! लॅबमधून फोटोच्या कागदावर काढा, घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढलेला फोटो लवकर विटतो. चिकट पानांचे जुने अल्बम टाळा, तो डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटो उपटला तर फाटतो. खिशांचा अल्बम घ्या. पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ओल येते, बुरशी धरते.

चार, नावं. प्रत्येक प्रिंटच्या मागे, कडेला, सीडीवर लिहायच्या मार्करने तारीख, ठिकाण आणि डावीकडून सगळ्यांची नावं. शाई वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका. आजी, काका, मामा असं लिहू नका, पूर्ण नाव लिहा. तुमची आजी तुमच्या नातवाला "आजी" म्हणून कशी ओळखू येणार? बसचे ड्रायव्हरदादा फोटोत असतील तर त्यांचंही नाव लिहा.

तुमचे प्रश्न

वेळ संपत आलीय, पण चिठ्ठ्या आल्या आहेत.

"चांगले फोटो यायला महागडा फोन घ्यावा का?" नको. पंधरा हजारांच्या फोनवर दिवसाउजेडी उत्तम फोटो येतात. अंधारात थोडा फरक पडतो. उरलेल्या पैशांत आईबाबांना सहलीला न्या.

"चालत्या बसमधून फोटो चांगले येत नाहीत." फोन काचेला अगदी जवळ, पण न टेकवता धरा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब कमी येतं. बस हलते ती काचेला टेकलेल्या फोनमध्ये उतरते. जवळची झाडं धूसर येणारच, लांबचे डोंगर बघा. नाहीतर सरळ बसच्या आतले फोटो काढा. अंताक्षरी, झोपलेले काका, डब्यांची देवाणघेवाण. तिथेच खरी सहल असते.

"आमच्या सासूबाई फोटो काढूच देत नाहीत. म्हणतात, आता या वयात काय चांगली दिसणार." हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. वहिनी, त्यांना जबरदस्ती करू नका. आधी त्यांच्या हातात फोन द्या आणि नातवंडांचे फोटो त्यांनाच काढू द्या. मग नातवाला म्हणा, आता तू आजीचा काढ. नातवाला नाही म्हणणारी आजी मी अजून पाहिलेली नाही. आणि आलेला फोटो त्यांना लगेच दाखवा. चांगल्या उजेडात काढलेला असेल तर त्या स्वतःच म्हणतील, अजून एक काढ.

जाता जाता सोसायटीच्या वतीने एक काम देतो. कार्यकारिणीशी बोलून ठेवलंय. सहलीहून आल्यावर प्रत्येक घराने दहा प्रिंट, मागे नावं लिहून, ऑफिसमध्ये जमा करायच्या. एक जाड अल्बम आणून ठेवला आहे. पहिलं पान आत्ताच भरलंय, कारण आज इथे येताना मी आपल्या सध्याच्या दोन्ही वॉचमनचे आणि सफाईला येणाऱ्या ताईंचे फोटो काढले. ओसरीच्या उजेडात, जवळून, आणि खाली त्यांची पूर्ण नावं, त्यांना विचारून लिहिली आहेत. बाकीची पानं तुम्ही भरायची आहेत. त्या जुन्या फोटोतल्या मामांचं नाव कुणाला घरी गेल्यावर आठवलं, तर रात्री कितीही वाजता माझी बेल वाजवा.

शनिवारी बस सकाळी साडेपाचला गेटवरून निघेल. काच पुसून या, फोन पूर्ण चार्ज करून या, आणि फ्लॅश बंद.